फोन कोरडा, फोन चालू, कान मोकळे: पाण्यावर जाणाऱ्यांसाठी मोबाईलच्या सामानाचा पाठ





औरादच्या बाजारात जा, उदगीरला जा, देगलूरला नाहीतर बीदरला जा. मोबाईलच्या दुकानात फोनपेक्षा फोनचं सामानच जास्त टांगलेलं दिसतं. इअरफोन, नेकबँड, कानात घालायचे बड्स, ब्लूटूथ स्पीकर, पॉवर बँक, केबल, चार्जर, पाऊच. पोरं घेतात, आपण पण घेतो. घेऊ नका असं आमचं म्हणणं नाही. पण हे सामान बनवणाऱ्यानं ते घरात, बसमध्ये, ऑफिसात बसणाऱ्या माणसासाठी बनवलेलं असतं. पहाटे अंधारात तराफ्यावर बसून जाळं काढणाऱ्या माणसाला त्यातली कोणती वस्तू कामाची आणि कोणती घातक, हे दुकानात कोणी सांगत नाही. म्हणून आजचा पाठ त्यावर.

लेख जरा मोठा आहे. सेव्ह करून ठेवा, आणि घरात ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा.

सगळ्या पाठाचं सार आधीच सांगतो. पाण्यावर फोन हे गाणी ऐकायचं यंत्र नाही, मदत बोलवायचं साधन आहे. जी वस्तू फोन कोरडा ठेवते आणि चालू ठेवते, तिला पहिला पैसा. जी वस्तू आपले कान बंद करते, ती काठावर ठेवायची.

*१. फोनचं महत्त्व किती?*

आधी भावाचं बघू. केरळात १९९७ ते २००१ या काळात किनाऱ्यावर मोबाईलचे टॉवर लागत गेले. रॉबर्ट जेन्सन नावाच्या अभ्यासकानं तिथल्या तारली मासळीच्या बाजारांचा अभ्यास केला आणि २००७ साली तो छापला. फोन येण्याआधी काय व्हायचं? १४ जानेवारी १९९७ या एका दिवसाची त्यांची नोंद आहे. बडगरा इथं ११ मच्छिमारांच्या मालाला गिऱ्हाईकच मिळालं नाही. आणि तिथून १५ किलोमीटरच्या आत दुसऱ्या बाजारांत २७ गिऱ्हाईकं मासळी न मिळता परत चालली होती. दोघांनाही एकमेकांची खबर नव्हती.

फोन आल्यावर मच्छिमार पाण्यावरूनच विचारायला लागले, कुठं भाव आहे, कुठं माल कमी पडलाय. वाया जाणारी मासळी, जी आधी ५ ते ८ टक्के होती, ती जवळजवळ थांबली. मच्छिमाराचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली. दोघांचंही भलं झालं.

आता जिवाचं बघू. समुद्रात फार आत गेलं की मोबाईलची रेंज संपते. म्हणून ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्र सरकारनं ‘जेमिनी’ नावाचं एक छोटं यंत्र आणलं. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था आणि विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून ते केलं. हे यंत्र उपग्रहाकडून वादळाचा, लाटांचा इशारा घेतं आणि ब्लूटूथनं मच्छिमाराच्या मोबाईलवर पाठवतं. म्हणजे बघा, हेही मोबाईलचं एक जोडसामानच झालं! पुढं ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये, १ लाख मासेमारी बोटींवर ट्रान्सपाँडर बसवायची सुमारे ३६० कोटींची योजना सुरू झाली. त्यातून बोटीवरून उलट निरोपही पाठवता येतो.

ही यंत्रं समुद्रवाल्यांसाठी. आपण मांजरेत, कारंजाच्या जलाशयात, गावच्या तलावात मासेमारी करणारी माणसं. आपल्याला उपग्रहाची गरज नाही, कारण आपल्याकडं बहुतेक ठिकाणी टॉवरची रेंज मिळते. म्हणजे आपलं यंत्र आपल्या खिशातच आहे. ते ऐनवेळी भिजलेलं किंवा बंद पडलेलं नसावं, एवढंच आपल्याला सांभाळायचं आहे.

*२. इअरफोन, नेकबँड आणि बड्स*

पाण्यावर डोळ्यापेक्षा कान जास्त काम करतात. अंधारात, धुक्यात डोळ्याला दहा हातापलीकडं दिसत नाही, पण कानाला कळतं. जोडीदारानं मारलेली हाक. दुसऱ्या होडीच्या वल्ह्याचा किंवा इंजिनाचा आवाज. धरणाचं दार उघडण्याआधी वाजणारा भोंगा. वारा फिरल्यावर बदलणारा पाण्याचा आवाज. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लांबवर झालेला गडगडाट.

आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पावसात आणि परत जाणाऱ्या पावसात विजा जास्त होतात. २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसं गेली, असा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा आकडा आहे. उघड्या पाण्यावर होडीत बसलेला माणूस हाच आजूबाजूला सगळ्यात उंच असतो. फोन वीज ओढून घेतो हा गैरसमज आहे, पण उघड्यावर उंच असणं हा खरा धोका आहे.

गडगडाट ऐकून अंतर कसं काढायचं ते पोरांना शिकवून ठेवा. वीज चमकली की मोजायला सुरुवात करा. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर येतो. नऊ सेकंदांनी गडगडाट आला तर वीज तीन किलोमीटरवर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, म्हणजे दहा किलोमीटरच्या आत आहे, तर जाळं तसंच सोडून काठाला यायचं. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास परत पाण्यात जायचं नाही. आता सांगा, कानात बोळे घालून गाणं चालू असेल तर हा हिशेब कोण करणार?

काही पोरं म्हणतात, “अण्णा, दामिनी ॲप टाकलंय की, अलर्ट कानातच वाजतो.” दामिनी चांगलं ॲप आहे, जरूर टाका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलेलं आहे आणि आपल्या जागेपासून २० ते ४० किलोमीटरच्या परिसरातली वीज दाखवतं. पण त्याला इंटरनेट लागतं, आणि मधल्या पाण्यात नेट कधी आहे, कधी नाही. शिवाय जोडीदार पाण्यात पडला तर दामिनी सांगणार नाही. ती हाक कानालाच ऐकायची आहे.

म्हणून आमचं सांगणं असं:

– पाण्यावर असताना दोन्ही कानांत काही घालायचं नाही. बोलायलाच लागत असेल तर एका कानात, बोलणं झालं की काढायचं.
– होडीत दोघं असतील तर वल्हवणाऱ्यानं एका कानातही घालायचं नाही.
– मोटरसायकलवर मासळीचा क्रेट बांधून बाजाराला निघाल्यावरही हाच नियम. मागचा ट्रक कानानंच कळतो.

खरेदी करताना डब्यावरचे दोन शब्द नीट समजून घ्या, कारण दुकानात दोन्ही एकच म्हणून सांगतात. एक ‘एएनसी’. हे बाहेरचा आवाज तुमच्या कानापर्यंत येऊ देत नाही. बाहेरचा आवाज यंत्रातला छोटा माईक टिपतो आणि त्याच्या बरोबर उलटा आवाज कानात सोडून त्याला मारतो. बसमध्ये, विमानात ठीक आहे. पाण्यावर हेच सगळ्यात घातक. दुसरा ‘ईएनसी’. हे तुमच्या कानाचं काही करत नाही. तुम्ही बोलताना वाऱ्याचा, इंजिनाचा आवाज कमी करून समोरच्याला तुमचं बोलणं स्वच्छ ऐकवतं. वाऱ्यात व्यापाऱ्याशी भाव बोलायचा असेल तर ईएनसी कामाचं. पैसे द्यायचेच असतील तर ईएनसीला द्या.

इंजिनवाल्या होडीवाल्यांना अजून एक गोष्ट. इंजिनाच्या आवाजावर मात करायला आवाज पूर्ण वाढवून गाणी ऐकायची सवय लागते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, पण ९० डेसिबल असेल तर आठवड्याला फक्त ४ तास. म्हणजे थोडा आवाज वाढला की वेळ दहा पटीनं कमी होते. बिघडलेला कान परत येत नाही. चाळिशीत “काय? काय म्हटलं?” करायची वेळ आली तर पाण्यावरचा अर्धा धंदा गेला म्हणून समजा.

*३. ब्लूटूथ स्पीकर*

“इअरफोन नको तर स्पीकर चालेल का?” हा पुढचा प्रश्न. कान मोकळे राहतात हे खरं. पण इथं मासळीचा हिशेब करावा लागतो.

रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस या आपल्या मासळीला ऐकू फार चांगलं येतं. त्यांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत छोट्या हाडांची साखळी असते. पाण्यातला आवाज पिशवीवर आदळतो आणि हाडांतून कानात जातो. तिलापियाला ही साखळी नाही, पण रोहू-कटल्याला आहे. जुनी माणसं होडीत वल्हं आपटू देत नव्हती, त्याला कारण होतं.

आता गंमत बघा. हवेतला आवाज पाण्यात सहज शिरत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावरूनच जवळजवळ सगळा परत फिरतो, हजारात एखादा हिस्सा आत जातो. म्हणून आपण होडीत हळू बोललो तर मासळीला फारसा फरक पडत नाही. पण स्पीकर होडीच्या तळावर ठेवला की त्याची थरथर फळीतून किंवा पत्र्यातून थेट पाण्यात उतरते. अख्खी होडीच स्पीकर होते. आणि पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगानं जातो, सेकंदाला साधारण दीड हजार मीटर. जाळं लावल्यावर तळाला बास वाजवत बसणं म्हणजे मासळीला निरोप धाडणं.

शिवाय पहाटे पाण्यावरची थंड हवा आवाज लांबपर्यंत नेते. तुमचं गाणं पलीकडच्या काठावर ऐकू जातं, आणि पलीकडची हाक तुमच्या गाण्यात बुडते. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर वाजवायला कायद्यानं मनाई आहे, ते वेगळंच.

रात्री जाळं राखायला काठावर एकटं बसणाऱ्याला थोडी गाण्याची सोबत लागते, हे आम्हाला कळतं. तिथं स्पीकर हळू आवाजात लावा, कोणाची तक्रार नाही. काठावरच्या जमिनीवर ठेवा, होडीत नको.

एक स्पीकर मात्र आम्ही स्वतःहून घ्या म्हणतो, तो म्हणजे बाजारात मासळी विकणाऱ्या मावशी-अक्कांसाठी यूपीआयचा साऊंडबॉक्स. हात ओले, खवल्यांनी भरलेले, गर्दीत फोन काढून बघायला सवड नाही. अशा वेळी कोणी खोटा स्क्रीनशॉट दाखवून “पैसे टाकले” म्हणून निघून जातो. साऊंडबॉक्स खरंच पैसे जमा झाले तरच बोलतो. घेताना तीन गोष्टी विचारा: महिन्याचं भाडं किती कापतात, सिम आतच आहे का, आणि भाषा मराठी किंवा कन्नड करता येते का. पिशवीत घालून मासळीच्या पाण्यापासून लांब, उंचावर ठेवा. आणि बोलला तरी दिवसाअखेर खात्याचा हिशेब जुळवून बघायची सवय सोडू नका.

*४. पाऊच आणि ‘वॉटरप्रूफ’ची गोष्ट*

आता पहिल्या खर्चाची वस्तू. गळ्यात अडकवायचा प्लास्टिकचा पाऊच शे-दोनशे रुपयांत मिळतो. आमच्या मते पाण्यावर जाणाऱ्या प्रत्येक फोनला तो पाहिजेच.

काही जण म्हणतात, “माझा फोनच वॉटरप्रूफ आहे.” डब्यावर आयपी ६७, आयपी ६८ असं लिहिलेलं असतं. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पाण्याचा आकडा ४ असेल तर फक्त शिंतोडे चालतात. ७ असेल तर एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. ८ असेल तर त्याहून जास्त, किती ते कंपनी सांगते. आकड्याच्या जागी इंग्रजी एक्स असेल, जसं आयपीएक्स ४, तर त्या गोष्टीची परीक्षाच केलेली नाही असं समजा.

पण ही परीक्षा नव्या फोनची, स्वच्छ आणि स्थिर पाण्यात केलेली असते. आपलं पाणी गाळाचं, शेवाळाचं. फोन दोनदा पडलेला असतो, स्क्रीन बदललेली असते. स्क्रीन एकदा उघडली की आतलं रबराचं सील पहिल्यासारखं राहील याची खात्री नाही. आणि आयपी ६८ फोनसुद्धा पाण्यात पडला तर बुडतोच. तळाच्या गाळातून तो कोण काढणार?

म्हणून पाऊच घ्या आणि फोन घालण्याआधी घरी दोन परीक्षा करा.

पहिली, गळतीची. पाऊचमध्ये कोरड्या कागदाचा तुकडा ठेवा, तोंड नीट बंद करा, बादलीत दगडाखाली अर्धा तास दाबून ठेवा. बाहेर पुसून उघडा. कागद जरासुद्धा ओला असेल तर पाऊच फेकून द्या, पैसे गेले तरी फोन वाचला.

दुसरी, तरंगण्याची. फोनच्या वजनाएवढा दगड पाऊचमध्ये घाला, थोडी हवा ठेवून बंद करा आणि पाण्यात सोडा. तरंगला तर ठीक. बुडाला तर पाऊचच्या दोरीला जाळ्याचा एखादा जुना फ्लोट बांधा. आपल्या घरात फ्लोटला तोटा नाही.

पाऊच गळ्यात घाला, होडीला बांधू नका. होडी उलटली तर फोन होडीबरोबर जातो आणि माणूस दुसरीकडं. बोलायला पाऊच उघडायची गरज नाही, प्लास्टिकमधून बोलणं ऐकू जातं. मात्र ओल्या बोटाला स्क्रीन नीट दाद देत नाही, म्हणून फोनचं बटण वापरायला शिका. ते पुढं सांगतो.

दर हंगामात पाऊच बदला. ऊन लागून प्लास्टिक कडक होतं आणि घडीवर चिरतं.

*५. पॉवर बँक, चार्जर, केबल*

दुसरा खर्च हा. पॉवर बँकेवर १०,००० एमएएच लिहिलेलं असतं आणि फोनची बॅटरी ५,००० असते. लोकांना वाटतं दोनदा फुल्ल होणार. होत नाही. आतल्या बॅटरीचा दाब ३.७ व्होल्ट, तो ५ व्होल्ट करून फोनला द्यावा लागतो, त्यात आणि गरम होण्यात ताकद जाते. १०,००० च्या चांगल्या पॉवर बँकेत ५,००० चा फोन साधारण दीडदा भरतो. बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून जो लहान आकडा असतो, तोच खरा धरा. आपल्याला एका रात्रीपुरतं हे भरपूर झालं. २०,००० चं धोंड घेऊन होडीत बसायची गरज नाही.

सोलरची पॉवर बँक घेताना जपून. मागं तळहाताएवढं पॅनल असतं. कडक उन्हात ते एक-दीड वॅट देतं. १०,००० ची बँक म्हणजे ३७ वॅट-तास. भागाकार करा, पंचवीस ते सदतीस तास कडक ऊन लागेल, म्हणजे आठवडा गेला. आणि तेवढं ऊन बॅटरीला सोसत नाही. ते पॅनल शोभेचं समजा आणि बँक घरीच वीजेवर भरा.

असली-नकली ओळखायची एक खूण आहे. चार्जर आणि पॉवर बँक यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवर बीआयएसचं चिन्ह आणि इंग्रजी ‘आर’ अक्षरानं सुरू होणारा, पुढं आठ आकडे असलेला नंबर असतो. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो नंबर टाका, कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या वस्तूचा आहे ते दिसतं. पॉवर बँकेवरचा नंबर भलत्याच कंपनीचा निघाला तर तिथंच परत द्या. हे दुकानात उभं राहून दोन मिनिटांत होतं. बिल मागून घ्या. बिल असेल तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार करता येते. रस्त्यावरच्या बिनबिलाच्या मालाला कोण वाली?

वापरताना:

– पॉवर बँक फोनच्या पाऊचमध्ये कोंबू नका. वेगळ्या पाऊचमध्ये किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.
– उन्हात होडीत टाकून ठेवू नका. ताडपत्रीखाली पण तापतं. सावलीत, हवेशीर जागी.
– पॉवर बँक किंवा फोन फुगलेला दिसला तर वापर बंद. टोचू नका, चुलीत टाकू नका, पाण्यात फेकू नका. ज्या पाण्यावर पोट आहे त्यात बॅटरी टाकायची नाही. जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तू घेणाऱ्या केंद्रात द्या.
– विजा होत असताना फोन भिंतीवरच्या चार्जरला लावून बोलू नका. तारेतून झटका येऊ शकतो. चार्जर काढून ठेवा. सुटा फोन वापरायला हरकत नाही.

*६. फोन भिजलाच तर*

पहिल्या पाच मिनिटांत काय करता यावर फोन वाचतो. बंद करा. चालू होतो का बघायला परत परत दाबू नका. सिमचा ट्रे काढा, कोरड्या सुती कापडानं पुसा, चार्जिंगचं भोक खाली करून हळूच झटका. पंख्यासमोर सावलीत निदान एक दिवस ठेवा.

तांदळाच्या डब्यात घालू नका. तांदळाची भुकटी भोकात जाऊन बसते, ॲपल कंपनीनंही असं करू नका म्हणून सांगितलंय. चुलीजवळ, उन्हात, केस वाळवायच्या यंत्रानं गरम करू नका. आणि पूर्ण वाळल्याशिवाय चार्जर लावू नका. ओल्या भोकात वीज गेली की आतल्या पिना हिरव्या पडून खराब होतात, फोन तिथंच संपतो.

*७. मदत बोलवायचं बटण*

सगळं सामान ज्या एका क्षणासाठी, तो हा.

आपत्कालीन नंबर ११२. २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये संकटाच्या बटणाची सोय सक्तीची केली आहे. साध्या बटणाच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं. स्मार्टफोनवर पॉवरचं बटण पटापट दाबायचं, काही फोनवर तीनदा, काहींवर पाचदा. आपल्या फोनचं किती ते सेटिंगमध्ये ‘इमर्जन्सी’ म्हणून शोधा आणि आजच बघून ठेवा. ओल्या बोटानं, अंधारात, पाऊचमधून हेच बटण लागतं. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ चा कॉल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून जाऊ शकतो. म्हणून रेंज दिसत नाही म्हणून हात आखडू नका, लावून बघा.

आपण सीमेवरची माणसं. फोन कधी कर्नाटकचा टॉवर पकडतो, कधी तेलंगणाचा, कधी महाराष्ट्राचा. ११२ वरचा कॉल शेजारच्या राज्याच्या कंट्रोल रूमला लागू शकतो. तेव्हा गडबडून फोन ठेवायचा नाही. पहिलं वाक्य पाठ करून ठेवा: राज्य कर्नाटक, जिल्हा बीदर, तालुका औराद, गाव अमुक, पाणी अमुक, काठावरची खूण अमुक, माणसं किती. मराठी कळली नाही तर हिंदीत सांगा, कन्नड येणाऱ्यानं कन्नडमध्ये सांगा. लहान पोरांनाही हे पाठ करायला लावा, कारण काठावरून फोन करणारं बहुतेक घरचं माणूसच असतं.

आणि एक बिनबॅटरीचं सामान: शिट्टी. दहा-वीस रुपयांची. पाऊचच्याच दोरीत बांधा. घसा बसतो, शिट्टी बसत नाही. अर्थात फोन, शिट्टी, पाऊच यांतलं काहीही लाईफ जॅकेटची जागा घेत नाही. मदत येईपर्यंत तरंगत ठेवायचं काम जॅकेटचंच.

*८. पैसे कोणत्या क्रमानं घालायचे*

हातात थोडेच पैसे असतील तर असा क्रम लावा:

१) पाऊच, दोरी, फ्लोट आणि शिट्टी.
२) नोंदणी नंबर असलेला चार्जर आणि मजबूत केबल.
३) १०,००० ची पॉवर बँक.
४) बाजारात बसणाऱ्यांसाठी साऊंडबॉक्स.
५) ईएनसीवाला नेकबँड किंवा एका कानाचा हेडसेट, भाव बोलायला.
६) सगळ्यात शेवटी गाण्याचा स्पीकर, तोही काठावर.

आपल्या बऱ्याच घरांत हा क्रम नेमका उलटा लागलेला असतो. सहा नंबरची वस्तू आधी येते, एक नंबरची येतच नाही. पोरांना रागावून उपयोग नाही. त्यांच्या हातात हा हिशेब द्या, ती आपल्यापेक्षा लवकर समजून घेतात. बीआयएसचा नंबर तपासायचं काम तर त्यांनाच द्या.

*आज रात्री घरी करायची कामं*

– घरातल्या प्रत्येक फोनचं संकटाचं बटण शोधा आणि सगळ्यांना दाखवा. खरोखर कॉल लावून बघू नका, नुसतं कुठं आहे ते बघा.
– पाऊच असेल तर कागदाची परीक्षा करा.
– पाण्यावर जाणाऱ्यानं घरी सांगून जायचं: कोणत्या काठावरून, कोणाबरोबर, किती वाजेपर्यंत. घरच्यांनी ती वेळ उलटली की फोन लावायचा, लागला नाही तर शेजारच्या होडीवाल्याला उठवायचं. “येईल की” म्हणून उजाडायची वाट बघायची नाही.

तुमच्या पाऊचची परीक्षा कशी झाली ते खाली लिहा. कोणता टिकला, कोणता गळला, कुठं घेतला होता, सगळ्यांच्या कामी येईल. ज्यांना ॲप टाकायला किंवा नंबर तपासायला जमत नाही, त्यांनी सोसायटीत फोन घेऊन या, आम्ही करून देऊ.

सेक्रेटरी,
आपली मच्छिमार सोसायटी